अक्कलदाढ

दिवसभर मी दात घडवते.
प्लॅस्टरचे जबडे, मेणाच्या हिरड्या,
तब्रीझमधल्या अर्ध्या म्हाताऱ्यांची तोंडं
माझ्या टेबलावर आ वासून पडलेली
आणि एकातूनही शब्द नाही.

घरी येते तर तेच.
बाबा. मी. मधे रोट्या झाकलेलं फडकं.
"मीठ?"
"हं."
आई गेल्यापासून आमच्या घरात
एवढंच बोलणं उरलंय,
तेही पुरवून पुरवून वापरतो.

गंमत अशी, की बाबा टेलिफोन एक्स्चेंजमधले.
एकतीस वर्षं कानाला हेडफोन, हातात तारांच्या पिना,
अर्दबीलची सासू इस्फहानच्या सुनेला जोडून द्यायची
आणि आपण मधून अलगद बाजूला व्हायचं.
ऐकायचं नाही, हा तिथला नियम.
नियम त्यांनी घरीही आणला.

म्हणून दहा वाजले, त्यांच्या खोलीतला दिवा गेला,
की मी फोनची वायर काढून कॉम्प्युटरला लावते.
मोडेम आधी खाकरतो, मग किंचाळतो,
मी त्यावर उशी दाबून धरते,
जणू चोरून आणलेलं कोंबडं.
मग हिरवा ठिपका. मग मी लिहिते.
नाव घेतलंय: अक्कलदाढ.
उशिरा येते, जागा नसताना येते,
आणि येताना ठणकते.

काय लिहिते? काहीच नाही.
आज एका कवळीत चुकून हसू जास्त ठेवलं.
आईचा कोट अजून खुंटीवर आहे, खिशात बसचं तिकीट,
ते कुणी काढत नाही.
जर्दाळूचा मुरंबा करायला घेतला, करपला.
माझ्या खिडकीला फट आहे,
रात्री वारा थेट मानेवर येऊन बसतो,
वर्तमानपत्र कोंबलंय.

आणि लोक वाचतात!
माल्मोहून एक जण, तो टॅक्सी चालवतो;
शिराझची कुणी, तिनं मुरंब्याची कृती पाठवली;
एक जण फक्त "हो" लिहितो. रोज. "हो."
ज्यांचे चेहरे मी कधी पाहणार नाही
त्यांना माझ्या मानेवरचा वारा ठाऊक,
आणि भिंतीपलीकडे जो खोकतो
त्याला –

इथे मी त्या रात्री थांबले होते.
वाक्य तसंच अर्धं सोडून दिलं जगात.

चार दिवसांनी एक उत्तर आलं.
फारसीत नाही. आमच्या घरच्या भाषेत,
जी शाळेत कुणालाच शिकवली नाही,
म्हणून दर दुसऱ्या शब्दात चूक.
एका बोटानं टाइप केलेलं असावं,
श्वास घ्यायच्या जागी टिंबं होती:

"बाई.. फटीत वर्तमानपत्र कोंबू नये..
ओल धरतं.. लोकर भरावी..
भरली आहे.
– चौदा नंबर"

चौदा.
कपाटाच्या खणात पितळेचा एक बिल्ला आहे,
लहानपणी मी तो नाणं समजून दुकानात नेला होता.
उठले. फटीत बोट घातलं.
करडी लोकर, आईच्या उसवलेल्या मोज्यांची,
काठापर्यंत ठासून.

"भरावी" आणि "भरली आहे".
या दोहोंच्या मधे
एक माणूस जिना उतरून, बर्फ तुडवत,
ताशी पैसे घेणाऱ्या कुठल्याशा दुकानात
पोरांच्या रांगेत बसून आला होता.

सकाळी आम्ही काही बोललो नाही.
मीठ. हं.
चहाचा दुसरा पेला मात्र त्यांनी न विचारता ओतला.

रात्री अर्दबीलहून आत्याचा फोन. पावणेदहा.
मी भांडी पुसत होते.
"उद्यापासून जरा लवकर करत जा," बाबा सांगत होते,
"दहानंतर लाईन लागायची नाही."
पलीकडून तिनं काहीतरी विचारलं.
"छे गं, बिघडलेली नाही," बाबा म्हणाले.
"बोलणं चालू असतं."