नजर जिकडे

बालाच्या तळ्याकाठी, गळ-दोऱ्यांच्या बंद दुकानामागे
रात्री एक वाजून दहा मिनिटांनी
रेक्समहून आलेली बाई मला पेटी देते.
नाव तिचं हाविस. चेहरा मी अजून धड पाहिलेला नाही,
हेल्मेटमधून आम्ही नुसतं "बरंय ना" म्हणतो.
पेटीत रक्त. कुणाचं, कुणासाठी, विचारायचं नसतं.
मी सही करतो, पट्टे आवळतो, दोनदा ओढून बघतो.
डोल्गेथ्लीपर्यंतचे अठरा मैल माझे,
तिथे पुढचा माणूस उभा असतो, हात काखेत घालून.

गावात म्हणतात, एलिदिर मोठा परोपकारी,
त्रेसष्टाव्या वर्षी, फुकट, असल्या थंडीत!
चॅपलमध्ये दोनदा माझं नाव घेतलं.
मी मान खाली घातली, त्यांना वाटलं विनय.
खरं सांगू?
रक्त हे निमित्त.
मला तो रस्ता हवा असतो, रिकामा,
आणि तो मागायला तोंड हवं असतं.

वेग वाढवायची परवानगी नाही आम्हाला. नकोच.
तिसऱ्यातून चौथ्यात जाताना
इंजिनचा घसा घोगरा होता होता एकदम मोकळा होतो,
बापाचा व्हायचा तसा, खाणीतली धूळ खोकून टाकल्यावर.
मुठी गरम, नाकाचा शेंडा गार.
ओली मेंढी, शेण, कुणाच्या तरी शेगडीतला कोळसा,
वासांच्या एकेका खोलीतून मी दार न वाजवता जातो.
आणि वळणावर गाडी कलते
तेव्हा गुडघ्याखालून डांबर सरकतं, हातभर अंतरावर,
पोटात गोळा येतो.
त्या गोळ्याला मी चाळीस वर्षं सोकावलोय.

नेस्ट म्हणते, मला छान झोप लागली होती.
किटली मात्र गरम असते.

धोके तिला तोंडपाठ आहेत, मला नाहीत;
मला ते हाताला माहीत आहेत.
नोव्हेंबरची पानं, ट्रॅक्टरने सांडलेलं शेणपाणी,
मेंढी, जिला रस्ता आपलाच वाटतो
(आणि तिचंही बरोबरच आहे).

पोरांना शिकवायचो तेव्हा पहिला धडा:
डावीकडे वळायचं तर डावी मूठ पुढे ढकल.
पोरं हसायची, काका उलटं सांगतात.
गेथिन हसला नाही. त्याने करून पाहिलं,
आणि वळून आला तो असा, की जणू
कुणीतरी त्याला त्याचंच नाव पहिल्यांदा सांगितलंय.
दुसरा धडा: नजर जिकडे, गाडी तिकडे.
भिंतीकडे बघशील तर भिंतीत जाशील.
वळणाच्या पलीकडे बघ. जायचंय तिथे.

दहाव्या मैलावर पाटीच्या दगडांची भिंत आहे.
त्यातले सात दगड नवे.
त्या रात्री तिथे पोलिसाने दिवा हलवून
हळू हो म्हणून खूण केली.
मी हळू झालो. बाजूला काहीतरी पडलेलं होतं.
मी वळणाच्या पलीकडे बघितलं,
शिकवल्याप्रमाणे.
पेटी वेळेत दिली. घरी येऊन चहात बिस्किट बुडवलं.
नाव सकाळी कळलं.

त्या पेटीतलं त्याच्याचसाठी होतं का?
विचारायचं नसतं.

आता दर खेपेला ते दगड येतात
आणि मी बघत नाही. बघितलं तर त्यांच्यात जाईन.
म्हणून रविवारी नेस्टच्या गाडीत शेजारी बसून जातो.
ती कडेला थांबते, इंजिन बंद करत नाही.
मी काच खाली करतो
आणि भिंतीकडे हवं तितका वेळ बघतो.
त्याच्या आईने प्लॅस्टिकची फुलं बदललेली असतात.
गेल्या वेळी नेस्टने विचारलं, "सोडशील?"
मी काच वर केली.

मंगळवारी साडेबाराला फोन वाजला.
हातमोजे हीटरवर वाळत होते,
डावा अजून ओलाच होता.
तोच आधी चढवला.