झाली नोंद

न्यूटन स्टुअर्टच्या पलीकडल्या तळ्यात
तराफ्यावरून पाइप खाली सोडला.
इश्बेलनं जोर लावला, मी शिव्या घातल्या,
आणि साडेपाच मीटर चिखल वर आला,
काकडीसारखा गार.

प्रयोगशाळेत तो उभा चिरला.
वरच्या बोटभरात कारखान्यांची काजळी,
त्याखाली ओट, गवत, पुन्हा गवत,
आणि खूप खाली एक काळी रेघ,
पेन्सिलीनं ओढल्यासारखी :
कुणीतरी रान पेटवलं होतं.
एल्मचे पराग तिथं कमी होतात,
इसबगोलाच्या कुळातलं एक तण सुरू होतं
जे तुडवलेल्या जमिनीतच सुखानं वाढतं.

मडकं नाही. हाड नाही. नाव तर नाहीच.
माणूस सापडला तो विष्ठेतल्या चरबीतून,
मशीनच्या कागदावर एक टोकदार शिखर.
शेजारचं गुरांचं. ते जास्त उंच.

मग सहा सेंटिमीटर काहीच नाही.
“गेले?”
“गेले.”
इश्बेलनं पट्टी लावली : दीडशे वर्षं, कमी-जास्त.
बर्च परतला, हेझल परतला.
का गेले ते चिखलाला विचारून झालं,
तीनदा, वेगवेगळ्या रसायनांनी.
त्या रात्री नखांतला गाळ काढताना
बेसिनचा नळ मी उगाच बारीक केला.

एप्रिलमध्ये पुन्हा त्याच तळ्यावर.
दिवसभर थर्मासमधला चहा, बोचरं वारं,
शेवटी न राहवून झुडपाआड जाऊन आलो.
इश्बेल काठावर पाइप धूत होती.
मान वर न करता म्हणाली,
“झाली नोंद.”