चौदावी पायरी

चष्मा चढवला की आधी बॅटरी दिसते,
मग तापमान: बाहेर उणे एकवीस,
आत, कागद सुकवणाऱ्या सिलिंडरांपाशी,
बेचाळीस.
मग हिरव्या अक्षरांत माझं नाव, ओना राउतियो,
आणि नावाखाली
ताइस्तोचे हात.

ताइस्तो गेल्या जूनमध्ये निवृत्त झाला.
त्याआधी तीन आठवडे
बोटाबोटांवर पांढरे ठिपके चिकटवून
त्याला अख्खं यंत्र खोलायला लावलं, परत जोडायला लावलं.
ओउलूहून आलेली दोन पोरं चित्रण करत राहिली.
तो फारसा बोलला नाही. तसाही बोलत नसे.
लाकडी दांडा बेअरिंगला टेकवायचा,
दुसऱ्या टोकाला कान लावायचा,
म्हणायचा, "हिला ताप आहे,"
आणि दोन दिवसांनी खरंच काहीतरी तुटायचं.
ते मात्र कुठल्याच ठिपक्यात उतरलं नाही.

आता मी पाना उचलते
आणि माझ्या हाताच्या वीतभर पुढे त्याचा हात,
काचेचा, किंचित निळा,
नट कसा धरायचा ते दाखवतो.
पायरी नऊ. पायरी दहा.
जमलं की खूण चमकते,
चुकलं की कानामागच्या हाडात हलकी गुरगुर.
खरं सांगते, सोबत वाटते.
रात्रपाळीला इथे मी आणि पलीकडच्या खोलीत विर्पी,
आणि विर्पी डुलक्या घेत असते.

पायरी चौदा: वाफेच्या नळीमागे तर्जनी घाला,
खटका सोडवा.
काचेचं बोट लोखंडातून आत गेलं,
दह्यात चमचा जावा तसं.
माझं जाईना.
हातमोजा काढला, मनगट तिरकं केलं, शिवी दिली.
पायरी अपूर्ण, चष्मा म्हणाला,
आणि पुन्हा दाखवलं:
बोट आत, पूर्ण,
नखासकट.

नखासकट?

ताइस्तोच्या उजव्या तर्जनीला नख नाही.
दुसऱ्या पेरापुढे तिथे काहीच नाही.
कॅन्टीनमध्ये त्या थोटकाने तो साखरेचा खडा
कॉफीत ढकलायचा,
नवी पोरं भिंतीवरचं घड्याळ बघायची.

सकाळी सहाला फोन केला.
तो तळ्यावर होता, बर्फाला भोक पाडून
कंदिलाशेजारी गळ टाकून बसलेला.
सांगितलं सगळं.
बराच वेळ नुसता वारा.
"तिथे बोट घालू नकोस," तो म्हणाला.
"माझं तिथेच राहिलंय, सत्याऐंशी सालापासून.
पुढे मी ते काम थोटकानेच करायचो,
थोटूक तिथे बरोब्बर बसतं.
तू पाचर वापर."
मग, जरा थांबून:
"पूर्ण दाखवतात का ते?"
हो म्हटलं.
"कसं दिसतं?"
मी म्हटलं, सरळ. तरुण. जरा निळसर.
"हं," तो म्हणाला. "मासा लागला वाटतं,"
आणि फोन ठेवला.
मासा लागला नसावा.

मी तक्रार लिहिली: पायरी चौदा धोक्याची आहे,
ते बोट काढून टाका.
उत्तर नम्र होतं.
तर्जनीची माहिती अपुरी आढळल्याने
प्रणालीने ती भरून काढली होती.
गैरसोयीबद्दल क्षमस्व. नवी आवृत्ती मार्चमध्ये.

तोवर नळीवर खडूची फुली आहे.
खिशात बर्चची पाचर आहे, मीच तासलेली,
माझ्या बोटापेक्षा दीड पेर आखूड.
तेरावी पायरी झाली की चष्मा कपाळावर सरकवते,
त्याचे हात तिथे छताकडे बघत
आपलं काम करत राहतात.

यंत्र सुरू झालं की, कुणी बघत नसेल तर,
दांडा टेकवून कान लावते.
अजून काही कळत नाही.
दांडा तेवढा थरथरतो, आणि कान
गरम होतो.