समुद्रसपाटीपासून

पुणे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर
समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते.
त्या उंचीवर, शिवाजीनगरला, दुसऱ्या मजल्यावर
एकोणीस वर्षं मी समुद्राच्या फायली सांभाळते.

कासवाच्या पाठीला यंत्र चिकटवायचंय, अर्ज तीन प्रतींत.
मेलेल्या बुलग्याचं फुप्फुस कापून बघायचंय, अर्ज तीन प्रतींत.
डॉल्फिनच्या श्वासाचे थेंब काचेवर धरायचेत,
त्यांची नोंद कुठल्या रकान्यात घ्यायची
यावर दोन महिने पत्रव्यवहार झाला.
शेवटी साहेबांचा शेरा आला:
श्वास 'इतर' मध्ये धरावा.

हसू नका. मी हसले होते, तेव्हा नवीन होते.

मग एकदा एक जाडजूड अर्ज आला,
परदेशी निधी, गुळगुळीत कव्हर, वरून दोन फोन.
चाळीस माद्या, वाळूवर चढतानाच धरायच्या,
कवचाला चार-चार भोकं.
परिशिष्टं कोणी वाचत नाही. मी वाचते.
पान सत्तावन्न: गेल्या खेपेच्या बारांपैकी
सात माद्या अंडी न घालताच पाण्यात परतल्या.
सात. तळटीपेत, मुंगीएवढ्या टायपात.
मी टिपणी लिहिली: शिफारस करता येत नाही.
कुलथे साहेबांनी पेन उघडलं, बंद केलं,
चहा मागवला,
आणि चहा संपल्यावर खाली सही केली.
त्या संध्याकाळी हडपसरपर्यंत बसमध्ये उभी होते,
पाय दुखले नाहीत.

हे आधी सांगितलं, कारण पुढचंही सांगायचंय.

रेणुका तांडेल. खाडीच्या तोंडावरचं गाव,
वडिलांची होडी, स्वतःची पीएचडी अर्धी.
अर्ज दीड पानाचा.
पाठीवर पर नसलेले, लाजरे, राखाडी बुलगे
किनाऱ्याला लागतात ते कशानं मेलेले असतात,
एवढंच तिला बघायचं होतं.
नकाशा जोडला नव्हता. परत पाठवला.
नकाशा आला, तर दाखला जुना निघाला. परत पाठवला.
दाखला आला तेव्हा मार्च होता,
आणि मार्चमध्ये फाइल कुठे आहे
हे फाइलीलाही ठाऊक नसतं.

जूनमध्ये तिचं पाकीट आलं.
वहीची फाडलेली पानं, पेन्सिलीनं तारीखवार.
अकरा बुलगे.
'परवानगी नसल्यामुळे स्पर्श केला नाही.
शेजारी बांबू आडवा ठेवून लांबी मोजली.
एकाची पाण्यातच मोजता आली नाही,
त्याची सावली मोजली.
पोटात पिल्लू असावं, असा अंदाज.
अंदाज कुठल्या रकान्यात लिहू?'

माझ्या खणात तिचं परवानगीपत्र तयार होतं,
सही झालेलं, फक्त जावक क्रमांक पडायचा होता.
मी तो टाकला. काय करणार होते दुसरं?
आणि पान सत्तावन्नवाली मी
खुर्चीतच होते तेव्हाही,
त्याच चष्म्यानं तिचा दाखला जुना ठरवणारी.
दोघींना मला वेगळं काढता आलेलं नाही.

पाकीट झटकताना चिमूटभर रेती सांडली टेबलावर.
मुजावर फडकं घेऊन येईपर्यंत
थोडी शाईच्या पॅडमध्ये गेलीच.
तेव्हापासून कचेरीचा गोल शिक्का उमटतो
तो पांढऱ्या बारीक ठिपक्यांसकट,
आणि दाबताना किंचित करकरतो.

नवीन पॅड मागवा, साहेब दोनदा म्हणाले.
मागणीपत्र तीन प्रतींत लागतं.
मी अजून लिहिलेलं नाही.