मोठा एस

बाईंनी लाल गोल केलाय निहालच्या वहीत:
माय फादर वर्क्स इन सूर.
सूर हे गाव आहे, एस मोठा काढ.
फादर लहानच राहू दे,
फादर कुणाचाही असतो.

मराठीत कसं ओळखायचं मग, निहाल विचारतो.
मी दोनदा लिहून बघतो: सूर आणि सूर.
एक जुळवायचा, एकात नोकरी करायची.
आपली अक्षरं एकाच रेघेला लोंबकळतात,
त्यातल्या त्यात वेलांटी तेवढी डोकं वर काढते,
पण ती कुणाच्याही नावाला चालते.
समोरच्या बकाल्याच्या अरबी पाटीवरही
मोठं असं कुणी नाही.

आज यार्डात मुबारकशेठची बोट घेतली.
सागवानावरचा जुना रंग खरवडायचा होता.
एन गेला, दोन्ही ओ गेले,
आर जरा चिवट निघाला.
दुपारी जेवायला बसलो तेव्हा
नूर संपून नुसती बोट उरली होती,
शेजारच्या चार बोटींसारखी.

रात्री निहालला सांगितलं.
मग बाबा, आता तिला छोटा बी?
हो म्हणालो. मग म्हणालो, थांब,
शेठ अजून नाव ठरवतोय.

त्यानं पेन ठेवलं.
मग पेन्सिलीनं लिहितो.