मुदत

कूफ्यात दोघे आले माझ्या दाराशी,
एकाच्या हाती दौत, दुसऱ्याच्या ओठी सनावळी.
एक म्हणे, मुभा होती, पैगंबरांनीच ती मागे घेतली.
दुसरा म्हणे, बंदी नंतरच्यांनी घातली,
आयत अजून जागची हलली नाही.
"उमैमा, तुझ्या आईचं कुठल्या साली?"

साल मला ठाऊक नाही.
ओंजळभर खजूर, एक चादर, तीन रात्री:
एवढंच आई सांगायची, शेळीची धार काढताना,
मान न वळवता.
चौथ्या पहाटे उंट निघाले.
नवव्या महिन्यात मी.

वाद घालतच दोघे फुरातकडे उतरले,
दौत इथेच राहिली.

चादर अजून आहे, एका टोकाला विरलेली.
थंडीत नातवंडं तिच्यावरून भांडतात.
ते भांडण मला सोडवता येतं.