पंच क्रमांक दोन

ते तिघं कोल्हापूरचे मासळीवाले म्हणून आले
आणि पहिल्याच लिलावात अख्ख्या हर्णै बंदराला कळलं
की हे पोलीस.
सुरमई घेतली, कल्ला उघडून पाहिला नाही.
घासाघीस नाही.
वर पावती मागितली.
वाळूवरच्या लिलावात पावती मागणारा एकतर वेडा,
नाहीतर त्याला कुठेतरी बिल लावायचं असतं.

आम्ही सगळे त्यांना शेठ म्हणायचो.
चहावाला भिकू एकदा चुकून ‘शेठसाहेब’ म्हणाला
आणि तिघांनीही वळून पाहिलं.

मी बर्फाच्या कारखान्यात, वहीवर.
सतरा तारखेला त्यांच्यासाठी बावीस लाद्या गेल्या.
न्यायला लतीफ सोलकर आला होता.
वहीत सही आहे त्याची, ‘ल’चा पाय लांब ओढलेला.
कुणाच्या नावावर लिहू, विचारलं.
‘सरकारच्या,’ म्हणाला, आणि हसला.
मला चेष्टा वाटली.

पुढचं मी पाहिलेलं नाही, बंदरावर ऐकलेलं सांगतो.
खोकी अडवायची नव्हती, जाऊ द्यायची होती.
मोजून, खूण करून, मागोमाग जायचं,
म्हणजे गिळणारा मोठा मासा गावेल.
होडीवर लतीफ, त्यांचा माणूस.
मागे त्यांची लाँच, दिवे मालवून.
अमावास्या होती. वेळ त्यांनी घड्याळात पाहिली,
ओहोटी कुणाला विचारली नाही.
विचारली असती तर भिकूच्या पोरानंही सांगितली असती.
आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी लाँच रेतीत बसली
आणि चार तास सरकार तिथे तिरकं उभं राहिलं,
बूट हातात घेऊन.

खोकी गेली. कुणी साठ म्हणतं, कुणी एकशे दहा.
आत काय होतं ते खुणा करणाऱ्यांना ठाऊक.
लतीफ तिसऱ्या दिवशी आड्याच्या खडकात लागला.

मला जीपमधून नेलं. पंच हवे होते.
पाच कोरे कागद.
‘लिहितो आम्ही मागाहून, तुमची जेवणाची वेळ झालीय.’
खरंच झाली होती.
पाचही ठिकाणी सही केली.
नंतर कळलं की माझ्या समक्ष
एक मच्छीमार दारूच्या नशेत पाय घसरून पडला होता.
लतीफ चहाशिवाय काही पीत नसे, तोही बिनसाखरेचा.

त्याच्या बहिणीनं, जैबुननं, दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज केला.
उत्तर आलं:
अशी कोणतीही मोहीम राबविण्यात आलेली नाही,
सबब तीत कोणी मृत झाल्याचा प्रश्न उद्भवत नाही.
ती अपिलात गेली. उत्तर आलं:
सदर मोहिमेची माहिती गोपनीय असल्याने देता येत नाही.
दोन्ही कागद तिनं माझ्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले,
वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर किलोचं वजन ठेवलं.
‘भाऊ, यातलं खोटं कुठलं?’

समिती येऊन गेली. कोलंबी चांगली होती म्हणाली.
तिघांतला एक शेठ आता बढतीवर नाशिकला आहे,
तिथे समुद्र नाही, बरं झालं.

गेल्या आठवड्यात मी वही उघडली.
सतरा तारीख. बावीस लाद्या. तीन हजार ऐंशी. येणे.
बिल केलं, रजिस्टर पोस्टानं अधीक्षकांच्या नावे पाठवलं.
भरलं तर मोहीम होती.
नाही भरलं तर पुढच्या महिन्यात परत पाठवीन.
मालक म्हणाले, तीन हजारांसाठी कशाला?
मी म्हटलं, हिशेब आहे.

दुसरं एक पाकीट आहे.
त्यात एवढंच लिहिलंय:
पाच कागदांवरची सही माझी, बाकीचं अक्षर माझं नाही.
ते अजून खणातच आहे.
इथल्या ओलीत गोंद धरत नाही, ही माझी सबब.
सबब.
बघा, शब्दही त्यांचाच घेतलाय मी.